नळधारकाची सही

उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह फार ठिकाणी सापडत नाही, आणि जिथे सापडतो तिथे त्याची खोड फक्त घरच्यांनाच ठाऊक असते. परवा चार धट्टेकट्टे शिपाई पंपघराच्या आवारात शिरले आणि पलीकडच्या काठाचं पाणी तोडायचं म्हणून ती माणसाच्या उंचीची चावी घालून घामाघूम होईतो उजवीकडे फिरवत बसले. उजवीकडे फिरवलं की बंद होतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण हा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की उघडतो! झालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शत्रूच्या ताब्यातल्या काठावर घरोघरचे नळ धो धो वाहत होते आणि अलीकडे दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांना चूळ भरायला पाणी नव्हतं. खुद्द मेजरसाहेब अंगाला साबण लावून नळाखाली उभे राहिले आणि वरून तीन थेंब पडले, तेव्हा कुठे फौजेच्या डोक्यात प्रकाश पडला.

एरवी ही गोष्ट या घराला वर्षभर पुरली असती. आप्पांनी ती प्रत्येक पाहुण्याला साभिनय सांगितली असती. पण आज पंपघराला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये चार माणसं जेवायला बसली होती आणि कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

वहिनी, म्हणजे या घरची एकुलती एक सून, ताटातले बटाटे नुसते इकडून तिकडे ढकलत होत्या. त्यांचा नवरा फौजेच्या कोठारात कारकून. घरात सगळे त्याला दादा म्हणत. त्यानेच सकाळी मेजरचा निरोप आणला होता. निरोप असा, की गुरुवारी नदी ओलांडायची ठरली आहे. पहिल्या नावेत बारा जण. त्या बारांत ढब्बू.

ढब्बू त्यांचा मुलगा. बाळसं धरलं होतं तेव्हा पडलेलं नाव. आता वीस वर्षांचा, काठीसारखा वाळलेला, फौजेत जाऊन सात महिने झालेले.

"मेजर काय म्हणाले ते नीट सांग," आप्पा म्हणाले. ते सासरे. चाळीस वर्षं याच पंपघरात फिटर. खुबा मोडल्यापासून चाकांच्या खुर्चीला खिळलेले, पण जीभ मात्र अजून तशीच धारेची.

"सांगितलं ना एकदा. पलीकडचं पाणी तोडलं तर गुरुवार पुढे ढकलता येईल, आठ दिवसांत ते लोक काठ सोडून जातील. मग नदी ओलांडायची गरजच नाही. नाव नाही, गोळीबार नाही, काही नाही." दादाने बहिणीकडे पाहिलं. "परवासारखं रांगडं काम नको म्हणाले. व्हॉल्व्हचा दांडा तुटला तर दोन्ही काठ कोरडे. घरचाच हात हवा."

घरचा हात आता एकच उरला होता. वन्सं, म्हणजे वहिनींची नणंद, पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. शिपायांनी करून ठेवलेला घोळ काल एकटीने निस्तरून, व्हॉल्व्ह पुन्हा एकोणीस आट्यांच्या खुणेवर आणून, त्या आज शांतपणे जेवत होत्या. म्हणजे तसं दाखवत होत्या.

"हुकूम आहे का?" त्यांनी विचारलं.

"हुकूम नाही गं. घरातल्या घरात बघा, असं म्हणाले."

"घरातल्या घरात! पलीकडे चाळीस हजार माणसं आहेत, दादा. तेवढी आपल्या घरात मावत नाहीत."

"शत्रूची माणसं आहेत ती."

"मागच्या वर्षीपर्यंत आपली गिऱ्हाईकं होती. नळ तुंबला की मलाच शिव्या घालायची."

"चेष्टा सुचतेय तुला!" दादाने टेबलावर हात आपटला. "माझा पोरगा पहिल्या नावेत आहे!"

"मला माहीत आहे कोण आहे ते," वन्सं म्हणाल्या, आणि भरलेला पेला त्यांनी न पिताच खाली ठेवला. ते फक्त वहिनींनी पाहिलं. औषधांच्या दुकानात वहिनी दिवसभर उभ्या, तेव्हा याच क्वार्टरमध्ये ढब्बू लहानाचा मोठा झाला होता. पहिलं पाऊल त्याने आत्याच्या बोटाला धरून टाकलं होतं.

वहिनींना वाटलं, आता आप्पा काहीतरी बोलतील. पंपघरात कायदा चालायचा तो आप्पांचा. तरुणपणी त्यांनी एकदा दुरुस्तीसाठी कुणाला न सांगता व्हॉल्व्ह बंद केला, आणि नेमकी त्याच दुपारी एका गल्लीत आग लागली. नळाला पाणी नाही. तीन घरं जळाली, एक म्हातारी गेली. त्यानंतर आप्पांनी पिवळी चिठ्ठी काढली. कुठला व्हॉल्व्ह, किती वेळ, कारण काय. खाली बंद करायला सांगणाऱ्याची सही. आणि आठ तासांहून जास्त बंद ठेवायचा असेल तर एका नळधारकाचीही सही, आणि कारणही त्यानेच आपल्या हाताने लिहायचं. नगराध्यक्ष आला तरी चिठ्ठीशिवाय आटा फिरत नसे.

आप्पा बोलले. पण भलतंच बोलले.

"फिरवून टाक गं एकदाचा," ते खाली मान घालून म्हणाले. "चिठ्ठीबिठ्ठी राहू दे. पोर आपलं आहे."

वहिनींच्या छातीवरचं ओझं उतरलं. सासऱ्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी त्यांची नजर वन्संकडे गेली. बापाच्या तोंडून हे ऐकताना त्या बाईचा चेहरा असा झाला, जणू कुणी भर बाजारात थोबाडीत मारली.

"आप्पा, तुमच्याच चिठ्ठीवर मी पंधरा वर्षं चालले आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही ती मोडा. मी नाही मोडणार."

त्यांनी ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं आणि पंपाच्या खोलीत निघून गेल्या.

वहिनी मागोमाग गेल्या. दादाने डोळ्यांनीच खुणावलं होतं, जा, तुझं ऐकेल ती. पंपाच्या खोलीत तीन पंपांपैकी दोनच चालू होते, तरी बोलायचं तर आवाज चढवावा लागत होता. भिंतीवर नदीखालून जाणाऱ्या पाइपचा नकाशा. खाली खणात एक पातळसं पुस्तक. लढाई पेटण्यापूर्वी मदतसंस्थेची दोन माणसं येऊन पाणीवाल्यांना शिकवून गेली होती, त्यांनी दिलेलं. वन्संनी ते काढून वहिनींसमोर धरलं. ज्यांच्यावाचून सामान्य माणूस जगू शकत नाही अशा गोष्टी, अन्नधान्य, उभी पिकं, जनावरं, पिण्याचं पाणी, त्याची यंत्रं, यांवर हल्ला करायचा नाही, त्या निकामी करायच्या नाहीत. लोकांना उपाशी मारणं हे लढाईचं हत्यार नव्हे. दोन ओळींखाली पेन्सिलीची रेघ होती.

"युद्धालाही नियम असतात, वहिनी."

"ते पलीकडचे पाळतात?"

"कधी पाळतात, कधी नाही. त्यांनी नाही पाळले म्हणून आपण सुटत नाही. तेही यात लिहिलंय."

"पुस्तकात काय, काहीही लिहितात." वहिनींनी पुस्तक बाजूला सारलं. पदर खोचून त्या सरळ नणंदेसमोर उभ्या राहिल्या. "मला एक सांगा, वन्सं. फिरवाफिरवी नको. पाणी बंद केलं आणि ते खरंच निघून गेले तर? माझा ढब्बू खरंच वाचला तर?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, छे हो, ते काही जाणार नाहीत, फौज स्वतःपुरतं पाणी राखून ठेवतेच, मरतील ती बायकापोरं. म्हणायला ते खरंही होतं. पण वन्संनी ती पळवाट धरली नाही.

"वाचेलही," त्या म्हणाल्या. "मला नाही माहीत."

"आणि तरी नाही?"

"तरी नाही."

वहिनींनी त्यांच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "तुमच्या मांडीवर झोपायचा तो! काळीज आहे की पंप आहे तुमच्यात?"

वन्संनी हलवून घेतलं. वहिनींचे हात दमले तेव्हा त्यांनी कोपऱ्यातला स्टूल पुढे केला, आणि वहिनी त्यावर बसून खूप रडल्या. राग होताच, इतका की समोरच्या बाईला नदीत ढकलून द्यावं. पण रागाच्या तळाशी दुसरंही काही होतं, आणि ते वहिनींना मुळीच आवडलं नाही. लग्न होऊन आल्यापासून या घरात त्यांनी नवऱ्याला साहेबांपुढे मान तुकवताना पाहिलं होतं. आज आप्पांनाही पाहिलं. ही एकटी उभी होती, आणि तिला उभं राहणं स्वस्त पडत नव्हतं.

तीनच्या सुमाराला मेजर स्वतः क्वार्टरवर आला. बरोबर दोन शिपाई, ते बाहेर उभे राहिले. वयाने फार नाही, चाळिशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आल्या आल्या आप्पांना नमस्कार केला, साबणाची गोष्ट स्वतःच सांगून टाकली आणि हसला. वहिनींना वाटलं होतं राक्षस येईल. हा तर दुकानात येऊन डोकेदुखीची गोळी मागणाऱ्या माणसांसारखा होता.

"बाई, मला तुमचं काम कळतं," तो वन्संना म्हणाला. "माझंही तुम्ही समजून घ्या. गुरुवारी मी बेचाळीस पोरं पाण्यात घालणार आहे. त्यातली किती परत येतील ते मला विचारू नका. एक व्हॉल्व्ह फिरवला तर कदाचित सगळी घरी जातील."

"तुमच्या लोकांना खिशात ठेवायला एक छोटं पुस्तक देतात ना, नियमांचं?"

"देतात. या विषयाची परीक्षाही असते. दहापैकी नऊ मिळाले होते मला."

"एक कशात गेला?"

मेजर ओशाळं हसला. "शेवटी लिहिलं होतं, की कमांडरची अडचणही ध्यानात घ्यावी. मास्तरांनी तेवढंच कापलं."

आप्पांना हसू फुटलं. ते लगेच थांबले.

"तर मग अडचण नाही," वन्संनी टेबलाच्या खणातून पिवळं पुस्तक काढलं, कार्बन घातला. "तुम्ही लेखी द्या. पलीकडच्या काठाचा मुख्य व्हॉल्व्ह, आठ दिवस पूर्ण बंद. तुमचं नाव, हुद्दा, सही. एक प्रत माझ्याकडे, एक तुमच्याकडे. तरीही मी तो फिरवणार नाही, ते आधीच सांगते. वरून हुकूम आला होता म्हणून केलं, असं मला उद्या कुणापुढे म्हणता येणार नाही, आणि तुम्हालाही नाही. पण आप्पांना फिरवायचा असेल तर खुर्ची व्हॉल्व्हपर्यंत मी स्वतः ढकलत नेईन. चिठ्ठी पुरी असली पाहिजे, एवढंच."

दादाने बापाकडे पाहिलं. आप्पांनी खुर्चीच्या हाताला घट्ट धरलं.

वहिनींना वाटलं, मेजर चिडेल, पिस्तूल काढेल. त्याने पेन काढलं. लिहिताना तो दोनदा थांबला. बाहेर कुठेतरी ट्रक गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. मग त्याने सही केली.

"बेचाळीस पोरं आहेत, बाई," तो पुन्हा म्हणाला, जणू सही कुणाला तरी समजावून सांगत होता.

"आठ तासांहून जास्त आहे," वन्सं म्हणाल्या. "नळधारकाची सही लागेल. आणि कारण."

"मी करतो," दादा पुढे सरसावला.

"तुझ्या नावावर नळ नाही. तू सरकारी क्वार्टरमध्ये राहतोस."

नळ होता तो दुकानाचा. आणि दुकान वहिनींच्या नावावर होतं.

चिठ्ठी टेबलावरून सरकत त्यांच्यासमोर आली. दादाने नवऱ्याच्या हक्काने पेन त्यांच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाला, "कर. ढब्बूसाठी कर." आप्पा खिडकीबाहेर बघत होते. मेजरने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. वन्सं मात्र वहिनींकडेच बघत होत्या, पण त्या नजरेत ना दम होता ना विनवणी. सही केली असती तर त्या बाईने वहिनींना कधी बोल लावला नसता, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. निदान लावला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. 'माझा मुलगा' एवढं लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

पुढे काय लिहायचं?

चार वर्षांपूर्वी पुरात पंप बुडाले तेव्हा अकरा दिवस शहराला पाणी नव्हतं. लोक डबक्यातलं प्यायले. दुकानापुढे मीठ-साखरेच्या पुड्यांसाठी ही रांग. मोठी माणसं आली ती मागाहून. पहिल्या तीन दिवसांत आली ती खांद्यावर टाकलेली तान्ही बाळं. एक माणूस पोराला टॉवेलात गुंडाळून दीड तास रांगेत उभा होता. पुढे घुसला नाही, आरडाओरडा केला नाही. त्याचा नंबर आला, वहिनींनी पुडी दिली, कशी पाजायची ते सांगण्यासाठी टॉवेल बाजूला केला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. माणसाला अजून कळलं नव्हतं. पुडी खिशात घालून तो 'उपकार झाले' म्हणाला आणि वळला. वहिनींनी त्याला हाक मारली नाही. चार वर्षं त्या स्वतःला विचारत होत्या, की का मारली नाही.

तेव्हा पाणी पुराने तोडलं होतं. पुराला कुणी सही मागत नाही.

पलीकडेही औषधांचं एखादं दुकान असेल. तिथेही कुणीतरी पुड्या मोजत उभी असेल. त्या माणसाला हा कागद वाचून दाखवायचा तर 'माझा मुलगा' याच्यापुढे कुठला शब्द लिहिला म्हणजे त्याला पटेल? वहिनींनी खूप शोधला. देवाशपथ शोधला. आई होत्या त्या, सापडता तर लिहिलाच असता.

त्यांनी चिठ्ठी फिरवून पेनासकट मेजरकडे सरकवली.

"मला एवढंच लिहिता आलं, साहेब. पुढचं तुम्ही लिहा. वाक्य पुरं झालं की मी सही करते."

मेजरने कागद उचलला. दोन शब्द वाचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ तो बघत राहिला. पेनही हातात घेतलं. एकदा त्याने ते टेकवलंही. मग कागद मुठीत धरून फाडायला निघाला.

"फाडता येत नाही," वन्सं म्हणाल्या. "क्रमांक असतो. आडवी रेघ मारा, रद्द लिहा, आणि सही करा."

आणि बेचाळीस पोरांच्या त्या साहेबाने मुकाट्याने आडवी रेघ मारली, रद्द लिहिलं, सही केली. उठला. टोपी घातली. दाराशी जाऊन वळला आणि वहिनींना म्हणाला, "नाव गुरुवारीच निघेल. मला ती थांबवता येणार नाही."

"कळलं मला," वहिनी म्हणाल्या.

"पहिल्या नावेत मी असेन. एवढंच माझ्या हातात आहे." त्याने वन्संना सलाम ठोकला, अगदी कडक, वरिष्ठांना ठोकतात तसा, आणि निघून गेला.

दादा बायकोसमोर येऊन उभा राहिला. "काय केलंस हे तू? आई ना तू त्याची?"

"तुम्ही पुढे व्हा. मी येते मागून."

तो गेला. आप्पांनी स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलत टेबलाशी आणली, पिवळं पुस्तक उघडलं आणि ती रद्द झालेली चिठ्ठी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग मुलीकडे न बघता म्हणाले, "माझं चुकलं, पोरी." एवढं बोलून ते आतल्या खोलीत गेले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द वहिनींनी पहिल्यांदा ऐकले.

आता दोघीच उरल्या. पंप चालू होते. नदीखालून पाणी पलीकडे जात होतं, कुणाच्या तरी घागरीत पडत होतं.

"वहिनी..." वन्संनी सुरुवात केली.

"काही बोलू नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. गुरुवारी तो परत आला नाही तर जन्मात करणार नाही."

"माहीत आहे मला."

"आणि हे पंपघर दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. जीव गेला तरी देऊ नका. कळलं?"

वन्संनी मान हलवली. मग दुपारभर ताठ उभी असलेली ती बाई मटकन खुर्चीत बसली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून हमसून हमसून रडायला लागली. मेजर गेला तरी त्याचे दोन शिपाई बाहेर पहाऱ्याला उभे होते. त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून वहिनींनी उठून दार लावून घेतलं.